ठिपक्याला शेपूट

हॅलो?

हॅलो, कोण? … सोलब्रित? मग सोलब्रित बोलतेय असं आधी सांगावं. नाव न सांगता ‘काय चाललंय’ म्हणून सुरुवात करणारी माणसं मला विमा विकणारी वाटतात. … हो, हो, सख्खी बहीण असलीस तरी. बहिणींनी तर आधी सांगावं.

काय चाललंय म्हणजे? गुरुवार चाललाय. दुपारचे तीन वाजलेत, चुलीवर कॉफी उकळतेय, तुस्सा शेपूट पसरून दाराशी घोरतेय, आणि मी स्वयंपाकघरात बसून एक पार्सल बांधतेय. … कसलं म्हणजे? पार्सलाचं पार्सल.

राग्नहिल्डबाईंनी चिकटपट्टीचा तुकडा दातांनी तोडला. त्र्याहत्तराव्या वर्षी त्यांच्या तोंडातले सगळे दात त्यांचे स्वतःचे होते, आणि उरलेलं शरीरही त्याच बोलीवर चाललं आहे असं त्या धरून चालत.

होय, परत पाठवतेय. … होय, तिसरं. … तिसरं आहे हे तुला कसं कळलं? … अगं, गावच्या दुकानात पार्सलांच्या खिडकीशी तुला बसवलंय ते वरचं नाव वाचायला, आतलं ओळखायला नव्हे! … डबा हलवून बघतेस? सोलब्रित! आईने आपल्याला असं वाढवलं होतं का? … तूच मोठी झालीस आईच्या हाताखाली, मी काय रानात वाढले?

बरं, ऐक. लपवण्यासारखं त्यात काही नाही. बंदुकीवर बसवायची नेमाची काच आहे. लाल ठिपक्याची. … नाही गं, दुर्बीण नव्हे. दुर्बिणीत लांबचं जवळ दिसतं. हिच्यात काही जवळ येत नाही. चौकोनी खिडकी असते, तिच्यातून बघायचं, आत एक लाल ठिपका तरंगत असतो. ठिपका मूस हरणाच्या छातीवर ठेवायचा आणि चाप ओढायचा. दोन्ही डोळे उघडे. अगदी सोपं. निदान त्या पुस्तिकेत तरी तसंच लिहिलंय.

… कारण लोखंडी माशी आता अंधूक झालीये. … माशी, सोलब्रित. नळीच्या टोकावरची ती लोखंडी माशी. तिला मागच्या खाचेत बसवायचं आणि मग पुढचं जनावर बघायचं. तिन्ही एकदम दिसेनात. … डोळे नाहीत अंधूक झालेले, माशी झालीये! वडिलांच्या काळची बंदूक आहे, लोखंड झिजतं.

हा आवाज कसला येतोय? … सुर्र असा. … टॉवरचा? बरं. वाऱ्याने हलला असेल.

… शनिवारी काय आहे ते तू मला सांगतेस? तो शनिवार माझा आहे. नेमाची परीक्षा: रुळांवरून धावणारा लाकडी मूस, ऐंशी मीटर, चार गोळ्या, चारही छातीच्या वर्तुळात. एक जरी बाहेर गेली तरी सोमवारी शिकारीला उभं राहायचं नाही. चुलीपाशी बसून अख्ख्या टोळीसाठी सूप ढवळायचं. टोळीची प्रमुख मी आहे, नियम मी केलाय, आणि नियमात ‘राग्नहिल्ड सोडून’ असं कुठे लिहिलेलं नाही. … माहितेय मला. एकोणपन्नास सप्टेंबर मी सात नंबरच्या जागेवर उभी राहिले. येत्या सोमवारचा पन्नासावा. … नाही, मी काही घाबरलेली नाही. मी चिडलेली आहे. या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात एवढंच.

एवर्तने? … एवर्तने काय सांगितलं? … त्या माणसाला लाकडी मूस ओढायच्या मोटारीचं बटण दाबायला ठेवलंय. तेवढं एक बोट चालावं, जीभ चालायची गरज नाही. … मूसच्या शेपटीला लागली हे साफ खोटं आहे! मूसला शेपूट असतं केवढंसं! … मागच्या झाडाला लागली. … एकच. … बरं, दोन. दोन झाडांना.

तू आमच्या टोळीत असतीस ना, तर एका दिवसात शिकली असतीस. जागेवर उभं राहिलं की तोंड उघडायचं नाही, मूस कानाने बघतो. वॉकीटॉकीचं बटण दोनदा दाबलं तर ‘हो’, एकदा दाबलं तर ‘नाही’. पन्नास वर्षं आमचा सगळा कारभार तेवढ्यावर चाललाय. आणि तू मात्र काल दुपारची माझी दोन झाडं आज गावभर …

हो, हो… अगं ऐक ना. दोष काचेत आहे हेच तर मी सांगतेय! पहिली आली, तिच्यातल्या ठिपक्याला शेपूट. स्वल्पविराम असतो ना, तसा. परत पाठवली. दुसरी आली, तिच्यातला ठिपका म्हणजे दलदलीतलं ह्योर्ट्रॉनचं पिकलं फळ, सगळा दाण्यादाण्यांचा. त्याचा मुरंबा करता आला असता, नेम धरता येत नव्हता. परत पाठवली. ही तिसरी. हिच्यात शेपूटही आहे, दाणेही आहेत, आणि शेजारी एक धाकटा भाऊही आहे. मी मूस कुठल्या भावाने मारायचा?

… येर्केरला विचारलं ना. बंदुकांचं दुकान चालवतो तर त्याला कळायला नको? काय म्हणावं त्याने? ‘बाई, तिन्ही काचा मी स्वतः बघितल्या, ठिपका गोल आहे.’ गोल! म्हणजे काय, माझ्यात खोट आहे? … तेच तर त्याला विचारलं. तर म्हणाला, तुम्ही होलोग्राफिक का बघत नाही.

… अगं, ते वेगळं प्रकरण. तिच्यात ठिपक्याभोवती मोठं कडं असतं. काचेच्या आतच लेझरने चित्र उमटवलेलं असतं म्हणे. जड, ठोकळ्यासारखी. आणि बॅटरी! माझी ही ठिपक्याची एका बॅटरीवर पाच वर्षं जळते. लावायची आणि विसरून जायचं. माझ्या फोल्केच्या थडग्यावर मी दिवा लावते तोही इतका टिकत नाही. आणि ती होलोग्राफिक? मिडसमरच्या सणाला तुझा होल्गेर जशी बाटली संपवतो ना, तशी ती बॅटरी संपवते. ऐन वेळी मूस समोर यायचा आणि दिवा विझायचा. मला नको.

… हॅलो? … नाही, काही नाही. तो सुर्र आवाज एकदम थांबला म्हणून विचारलं. टॉवर बसला वाटतं जागेवर.

होल्गेरचं नाव काढलं की तू अशी गप्प होतेस. अजून मनात धरून बसलीयेस ना? वर्ष झालं, सोलब्रित. त्याने चारातल्या दोन चुकवल्या, मी नियम लावला. माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा म्हणून नियम वाकवला असता तर टोळीने माझ्या तोंडावर काय म्हटलं असतं? … तोंडावर काही म्हणाले नसते, खरंय. पण विचार केला असता. … त्याचे हात थरथरत होते. मी ते सगळ्यांसमोर म्हटलं, कारण अशी गोष्ट पाठीमागे बोलू नये. … आणि ओगराळ्याचं म्हणशील तर ती प्रथाच आहे. जो चुकतो त्याचं नाव सुपाच्या ओगराळ्याच्या दांड्यावर तापल्या खिळ्याने कोरायचं आणि वर्षभर ते ओगराळं त्याच्या स्वयंपाकघरात टांगायचं. मी स्वतः कोरलं. अक्षर किती सुबक आलंय हे तूही मान्य करशील. … रोज बघतेस म्हणूनच म्हणतेय.

राग्नहिल्डबाईंनी पार्सलावरची चिकटपट्टी अंगठ्याने दाबून बसवली. मग, का कोण जाणे, तिचं एक टोक नखाने पुन्हा उचकटलं. शनिवारला दोनच दिवस उरले होते आणि चौथी काच कुठून येणार होती हे त्यांना ठाऊक नव्हतं.

काय म्हणालीस? … ठिपक्याचा उजेड कितीवर ठेवलाय? पूर्ण. … पूर्णच ठेवणार. दिलेला उजेड वापरायचा नाही तर काय कपाटात ठेवायचा? … कमी करू? … आता बांधलेलं सोडू? … अगं, तुला यातलं काय कळतं, तू बंदूक हातात धरलेली नाहीस जन्मात. … बरं. बरं! सोडते. ओरडू नकोस.

तुला स्पीकरवर ठेवते. टेबलावर आहेस तू, पार्सलाच्या डब्याशेजारी. … बंदूक? बंदूक कपाटात कुलपात आहे, मला काय तू येर्केर समजलीस? नुसती काच आहे माझ्या हातात.

हं. भिंतीवरच्या घड्याळावर धरलीये. … कमी केलं. आणखी कमी. … हं. … शेपूट आखूड झालं. … गेलं नाही, आखूड झालं म्हटलं. धाकटा भाऊ अजून शेजारीच उभा आहे.

आता काय? … काच फिरवू? म्हणजे? … आडवी धरू. बरं. धरली आडवी. … शेपूट कुठे म्हणजे? मघाशी होतं तिथेच. उजवीकडे खाली. … उलटी धरू? सोलब्रित, हे सर्कशीतले खेळ तुला कोणी शिकवले? … धरली उलटी. … उजवीकडे खाली. … कशीही धर, उजवीकडे खाली! बघ! एवढी खोट आहे या काचेत, की उलटी केली तरी …

काय?

… काच फिरली तर काचेतली खोटही तिच्याबरोबर फिरायला हवी होती.

… थांब. बोलू नकोस.

घड्याळाचा काटा एक-दोनदा सरकला. राग्नहिल्डबाईंनी काच सरळ धरली, उलटी धरली, पुन्हा सरळ धरली. वाकलेला चमचा सुरकुत्या पडलेल्या पोत्यातून बाहेर काढावा तशा त्या स्वतःच्या विचारातून काही तरी बाहेर काढत होत्या, आणि ते त्यांना मुळीच आवडत नव्हतं.

आता डोकं वाकडं करू? … कुठल्या बाजूला? … खांद्यापर्यंत माझी मान वाकत नाही, ती काही घुबडाची नाही. … टेबलावर टेकवते गाल. हं. टेकवला. … तुस्सा, जा! जा तिकडे! … काही नाही, कुत्रीला वाटलं मी आजारी पडले, कान चाटतेय. … तुस्सा! … हं, दिसतोय ठिपका.

…

शेपूट फिरलं.

… माझ्याबरोबर. मी झोपले तर तेही झोपलं.

… नाही. याने काहीही सिद्ध होत नाही. गाल टेकवून कोणालाही काहीही दिसेल. … फोटो? … फोनने? अगं फोनवर तर तू आहेस. … तू असताना पण काढता येतो? … तुझ्यावरून काढू? … आणि फोनच्या डोळ्याला माझ्यापेक्षा जास्त दिसतं असं म्हणणं आहे का तुझं? … तो म्हातारा होत नाही हे उत्तर झालं का?

बरं. काढते. एक. दोन. … काढला. … नाही, पहिल्यात माझा अंगठा आलाय. … काढला दुसरा.

पडद्यावर चौकोनी खिडकी होती, खिडकीत भिंतीवरचं घड्याळ होतं, आणि घड्याळाच्या ऐन मध्यावर एक लाल ठिपका होता: एकटा, नेटका, गोल. शेवाळातून एकच पिकली लिंगनबेरी वर यावी तसा. शेपूट नाही, दाणे नाहीत, भाऊ नाही. राग्नहिल्डबाईंनी फोटो मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला. मग काच डोळ्याला लावली. स्वल्पविराम. पुन्हा फोटो. पूर्णविराम.

… हो, आहे मी. कुठे जाणार?

गोल आहे.

… म्हटलं ना, गोल आहे! पुन्हा पुन्हा काय विचारतेस, ऐकायला बरं वाटतं का? … काय म्हणतात? … बुबुळ एका बाजूला ओढल्यासारखं. … म्हणजे बुबुळ अंड्यासारखं झालंय म्हण ना सरळ. … होतं असं? कोणालाही? … ‘कोणालाही’ हा शब्द मला लागू होतो असं मला कधी वाटलं नव्हतं, सोलब्रित.

चष्मा मिळेल. … कधी? … डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतलीस? माझ्या नावाने? मला न विचारता? … कधीची? … अकरा ऑक्टोबर! मग तोवर मूसना काय निरोप पाठवू, जरा दलदलीत बसून राहा, बाईंचा चष्मा येतोय?

… थांब. एक मिनिट थांब.

वेळ तू आज घेतलेली नाहीस. काचेचं फिरवणं, मान वाकडी करणं, फोटो … हे सगळं तुला पाठ आहे. तू जन्मात बंदूक धरलेली नाहीस. तुला हे कोणी दाखवलं?

…

कोणाच्या डोळ्याला?

…

होल्गेरच्या.

राग्नहिल्डबाई हळूच खुर्चीत मागे टेकल्या. कॉफी उतू जाऊन चुलीवर चरचरली. एरवी अशा वेळी त्या चुलीलासुद्धा दोन शब्द सुनावत. आज त्यांनी भांडं मुकाट्याने बाजूला सरकवलं.

… गेल्या वर्षी त्याचीही लाल ठिपक्याचीच होती. … त्याला दोन दिसत होते. … चार गोळ्यांतल्या दोन एका ठिपक्याने मारल्या आणि दोन दुसऱ्याने. हं. म्हणजे नेम अचूक होता. भाऊ चुकीचा निवडला.

मग त्याने सांगितलं का नाही मला? … सांगत होता? कधी? … मी बोलू दिलं नाही. … हं. … हो, ते माझ्यासारखंच आहे.

मी काय म्हटलं होतं? … म्हण, म्हण. तुला शब्दशः आठवत असणारच. … ‘ज्याच्या हातात कॉफीचा कप स्थिर राहत नाही, त्याने बंदुकीला हात लावू नये.’

… चांगलं वाक्य आहे. … चुकीचं आहे, मी कुठे नाही म्हणते? पण बांधणी चांगली आहे.

… त्या दिवसापासून काय? … कपाला हात लावलेला नाही? वर्षभर? … मग पितो कशातून? … बशीतून. आजोबा प्यायचे तसा? साखरेचा खडा दातांत धरून? … बशी काठोकाठ भरून. … तीन बोटांवर. … आणि थेंब सांडत नाही.

…

काठोकाठ भरलेली बशी तीन बोटांवर तोलून धरतो आणि थेंब सांडत नाही.

… नाही, काही बोलत नाही. ऐकतेय.

आणि ओगराळं तू समोरच टांगलंयस, त्याला बशी पिताना दिसेल असं? … त्यानेच टांगलंय. बरं. … म्हणजे रोज सकाळ-दुपार तो माझ्या अक्षराकडे बघून, न थरथरता, बशीतून कॉफी पितो. अगं, हा माणूस इतकी वर्षं माझ्या टोळीत होता आणि इतका हट्टी आहे हे मला ठाऊकच नव्हतं. आधी कळलं असतं तर त्याला चांगली जागा दिली असती.

मग आता काय करतो तो? … हिवाळ्यात घेतली? कुठली? … होलोग्राफिक.

… कडं दिसतं त्याला? कड्यासारखं? … कडा जराशा दाणेदार, पण कडं मोडत नाही. मध्य कुठे ते चटकन कळतं. … हो, बरोबर आहे. एवढंसं टिंब फाटलं की त्याचं सगळंच फाटतं, मोठं कडं जरा विसकटलं तरी मधोमध कुठे ते डोळ्याला कळतं. … सगळ्यांना सारखंच दिसेल असं नाही? … ज्याने त्याने आपल्याच डोळ्याने बघायचं. बरं.

आणि बॅटरी? … दर पंधरा दिवसांनी बदलतो, खिशात दोन जादा ठेवतो. … बस, एवढंच? म्हणजे मी एवढा मोठा दोष काढला त्याला उत्तर खिसा? … हं. खिसे तर मलाही आहेत.

सराव करतो का? … मार्चपासून? दर रविवारी? मैदानावर? … मग मूस कोण ओढतं त्याचा? … एवर्त! आणि एवर्तने मला अवाक्षर सांगितलं नाही? माझी दोन झाडं काल संध्याकाळच्या आत गावभर, आणि होल्गेरच्या सहा महिन्यांच्या गोळ्या त्याच्या पोटात? … किती लागतात? … चारातल्या चार. … किती रविवार? … सगळे.

सोलब्रित, तो आवाज पुन्हा सुरू झालाय.

… टॉवरचा नाही.

… मी त्र्याहत्तर वर्षांची आहे, माझं एक बुबुळ अंड्याच्या आकाराचं आहे, पण माझे कान शाबूत आहेत. हा सुर्र आवाज मी लहानपणी रोज ऐकलाय, आजोबांच्या मांडीवर बसून. टॉवर साखरेचा खडा दातांत धरून पीत नाहीत.

… तूही मला स्पीकरवर ठेवलंयस.

… सुरुवातीपासून?

राग्नहिल्डबाईंना मिडसमरची बाटली आठवली, दोन झाडं आठवली, टेबलावर टेकवलेला गाल आठवला. मग त्या खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. महत्त्वाचं काही बोलायचं असलं की त्या बसून बोलत नसत. पाठ ताठ केली, विस्कटलेली केसांची बट कानामागे सारली, आणि टेबलावर पडलेल्या फोनकडे वळल्या.

होल्गेर.

… बोलू नकोस. तू बोललास तर मी उत्तर देईन, आणि उत्तर द्यायला लागले की मला जे म्हणायचंय ते राहून जाईल. बशी खाली ठेव. … नको, राहू दे हातात. तशीच धर.

गेल्या वर्षी मी सगळ्यांसमोर म्हटलं की तुझे हात थरथरतात. ते थरथरत नव्हते.

… मी बोलतेय, सोलब्रित, रडायचं असेल तर तिकडे जाऊन रड. … नाक पूस.

सोमवारी सकाळी जागा वाटण्याआधी हेच वाक्य मी सगळ्यांसमोर म्हणणार आहे, आणि त्याच आवाजात. ते मोठ्याने म्हटलं होतं, तेव्हा हेही मोठ्यानेच म्हटलं पाहिजे. एवर्तला पुढे उभा करीन, म्हणजे ज्यांना ऐकू येणार नाही त्यांच्यापर्यंत संध्याकाळच्या आत पोचेल.

आता दुसरं. उद्या सकाळी नऊ वाजता मैदानावर ये. तुझी ती कड्याची काच घेऊन. मी फक्त तिच्यातून बघणार आहे. कडं मोडलेलं दिसलं तर प्रश्न मिटला. नीट दिसलं तर तशीच येर्केरच्या दुकानात जाईन, ही ठिपक्याची देईन आणि कड्याची आणीन. संध्याकाळी माझ्या बंदुकीवर बसवून नेम जुळवून घेऊ. … येर्केरची माफी? नाही, सोलब्रित, एका दिवसाला एक पुरे. त्याच्याकडून चार जादा बॅटऱ्या घेईन. त्याला कळेल.

आणि शनिवारी नियम तोच. आधी तू, मग मी. चार गोळ्या, चारही वर्तुळात. … मला सवलत नको. पन्नासावं वर्ष आहे म्हणून तर नकोच. होल्गेर, त्या ओगराळ्याच्या दांड्यावर तुझ्या नावाखाली जागा शिल्लक आहे का ते बघ. माझं नाव लांब आहे. चुकले तर खिळा मी स्वतः तापवीन, स्वतः कोरीन, आणि सोमवारी चुलीपाशी स्वतः बसेन. मी केलेलं सूप या टोळीने अजून चाखलेलं नाही. तेव्हा माझा नेम लागावा अशी जर कोणाला मनापासून इच्छा असायला हवी, तर ती टोळीतल्या बाकीच्या अकरा जणांना.

आणि तुझ्या चारही लागल्या तर …

राग्नहिल्डबाई खिडकीबाहेर पाहू लागल्या. तळ्यापलीकडे स्प्रूसची कोवळी झाडं दाट उभी होती. त्यांच्यात कुठे तरी सात नंबरची जागा होती, एका मोठ्या दगडाला पाठ लावून उभं राहायची. तीस पावलांपलीकडचं तिथून काही दिसत नसे. त्या जागेवर त्यांनी आजवर कोणाला बसूसुद्धा दिलं नव्हतं.

… तुझ्या चारही लागल्या आणि माझी एक जरी चुकली, तर सात नंबरवर तू उभा राहशील. दगडाच्या डाव्या अंगाला उभं राहा, उजवीकडे मुंग्यांचं वारूळ आहे. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. दोघांच्याही चारही लागल्या तर मात्र सात नंबर माझा. मला उदार समजू नकोस.

कळलं का?

… नाही, तोंडाने नको. आपण टोळीतली माणसं आहोत. चमचा आहे ना जवळ? बशीवर वाजव.

…

एक.

… एकच? होल्गेर, एक म्हणजे नाही!

…

हं. दोन. … दुसरी उशिरा आली. मुद्दाम केलंस. … हसतोय का तो? सोलब्रित, हसतोय का तो? … नाही, असू दे, विचारू नकोस.

उद्या नऊ वाजता. नऊ म्हणजे नऊ. आणि सोलब्रित, येताना एखादी बशी आण माझ्यासाठी. … मोठी. मलाही बघायचंय, माझे हात किती स्थिर आहेत ते.

ठेवते.